ब्लूइंगच्या नावाखाली काळा रंग, १८,३५० रुपये पाण्यात

शेतीसंरक्षणाचा परवाना असणाऱ्यांनी, त्यातही ज्यांच्या घरात जुनी दुनळी बारा बोर बंदूक आहे त्यांनी हे वाचाच, कारण आज मला गंडा घातलाय, उद्या तुमचा नंबर. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण दुकान परवान्याचं आहे, भिंतीवर लायसन फ्रेम करून लावलंय, रस्त्यावरचा कुणी भुरटा नाही. तेव्हा "चौकशी न करता दिलीतच कशी" हे मला कुणी ऐकवू नका. बंदूक दुरुस्तीला द्यायची तर परवाना असलेल्याकडेच द्यावी लागते, कायदाच तसा आहे, मी कायद्याने वागलो आणि बुडालो.

बंदूक वडिलांची, बर्मिंगहॅमची, साइड बाय साइड, म्हणजे दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. आमच्या कोकणात डुकरांनी आणि वानरांनी काय मांडलंय ते वेगळं सांगायला नको. पावसाळाभर नळी पुसून तेलाचा हात फिरवायचा हे वडिलांपासून चालत आलेलं, कधी डाग दिसला नाही. मग २०२४ ला आधी लोकसभा, मग विधानसभा, दोन्ही वेळा आचारसंहितेत बंदूक जमा. लोकसभेचा निकाल लागून परत मिळेपर्यंत पाऊस लागला होता, पोलीस ठाण्यात सगळ्यांच्या बंदुका एकीवर एक रचलेल्या आणि माझी तशीच कापडी कव्हरात, कव्हर ओल धरून बसलेलं. नळीवर तांबूस डाग, दस्त्यावर पांढरट बुरशी. विचारलं तर म्हणे "सही करा आणि न्या".

विधानसभेनंतर परत मिळाली तेव्हा ती शहरातल्या त्या दुकानात नेली. नळीचं ब्लूइंग, म्हणजे गंज अडवणारा निळसर काळा थर, ११,०००, अक्रोडाच्या दस्त्याला ऑइल फिनिश ५,५०० आणि वरून "इंपोर्टेड" गन ऑइलची बाटली १,८५०. एकूण १८,३५०. निम्मे म्हणजे ९,१७५ आधी रोख घेतले, उरलेले जीपे करतो म्हटलं तर सर्व्हर डाऊन, तेही रोखच. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागून महाग पडेल काका, आपल्यात कशाला". चिठ्ठीवर नुसतं "काम २ नग" असं खरडून दिलं.

आणि दुसऱ्याच दिवशी फोन, काका तयार आहे, घेऊन जा.

इथेच. इथेच खटकायला हवं होतं. रात्री झोप येत नाही तेव्हा तोच फोन कानात वाजतो. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. नवीन बंदुकांना करतात तसं कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीतलं ब्लूइंग तिला चालत नाही, डाग खाल्ला जातो आणि पट्टी सुटते. तिला जुनी पद्धतच लागते, आधी मुद्दाम हलका गंज चढवायचा, मग नळी पाण्यात उकळायची म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग बारीक तारेच्या लोकरीने (स्टील वूल) हलक्या हाताने घासायचं, आणि हे पुन्हा पुन्हा, रंग गडद होईपर्यंत. एका दिवसात हे ब्रह्मदेवालाही जमणार नाही. पण हे सगळं मला नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं, आधी कुणी सांगितलं होतं? दुकानदार तर छातीठोकपणे म्हणाला "आमच्याकडे मशीन आहे". मशीन म्हटलं की आपण गप्प बसतो. बंदूक हातात घेतली तेव्हा थिनरचा वास आला, मी विचारलंही, तर म्हणे "ताजं आहे, उडेल". दिसत होती मात्र नवरीसारखी, चकचकीत. जुनं ब्लूइंग असं चकचकत नाही हेही नंतरच कळलं.

पहिल्या पावसात पुढच्या लाकडाजवळ, जिथे हात धरतो तिथे, फोड आले. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला, खाली गंज. थिनरचा बोळा फिरवला तर कापूस काळा झाला. मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे आधी बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर नळी घासली, वर बाटलीतलं थंड ब्लूइंग पुसलं आणि त्यावर काळा लॅकर मारला. दस्त्यावर तर सरळ फर्निचरच्या मेलामाइन पॉलिशचा स्प्रे, पकडीची बारीक नक्षी पॉलिशने बुजून गेली. "इंपोर्टेड" बाटलीवर ना एमआरपी, ना बनवणाऱ्याचा पत्ता, वास शिलाई मशीनच्या तेलाचा.

आता खरा राग कशाचा येतो तो ऐका. बफने नळीखालचे प्रूफचे, म्हणजे नळी चाचणीत टिकल्याचे, शिक्के पुसट झाले आणि बंदुकीचा नंबरही. ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तर साहेबांनी आधी टॉर्च मारून नंबर बघितला आणि मलाच विचारलं, "हा कुणी घासला?" शस्त्र कायद्याचं कलम ८ काढून दाखवलं, ओळख पटवणारा नंबर नसलेलं शस्त्र बाळगता येत नाही म्हणे. अहो, तेच तर सांगायला आलोय ना! चोर सोडून संन्याशाला फाशी. अर्ज घ्यायला तयार नाहीत, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं तर "तुम्ही वकील आहात का?" जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो तर क्लार्क म्हणतो दुकानाचं लायसन दुसऱ्या जिल्ह्याचं, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं तर उत्तर नाही, फोन केला तर साहेब मीटिंगला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला तर पहिला प्रश्न, बिल आहे का. ज्यांच्या खोलीत बंदूक गंजली त्यांनाच मी समजावत बसलोय की गंज कुठून आला, आणि निवडणूक आली की पुन्हा हेच लोक दारात, बंदूक जमा करा. जमा करताना तिला तेल लावून, कव्हर न घालता ठेवा एवढं सांगणारा एक माणूस नाही. चांगल्या स्थितीत मिळाली अशी पोच लिहून मागा, मी मागितली तर हसले, तरी मागा.

शेवटी ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. बाटलीची वेगळी तक्रार वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजनमाप खात्याकडे. त्यांनी निदान अर्जावर शिक्का तरी मारून दिला.

दुरुस्तीला देताना काडतूस नाही हे दुकानदारासमोर उघडून दाखवा, नंबर आणि शिक्क्यांचे जवळून फोटो काढा, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि परवाना नंबर लिहून घ्या, दुकानाच्या रजिस्टरला नोंद डोळ्याने बघा. बफचं नाव काढलं की बंदूक उचला आणि घरी या.

आणि खरं तर साध्या डागाला दुकानाची गरजच नसते. सगळ्यात बारीक तारेची लोकर तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा, कोरडी कधीच नको. हाताळली की लगेच पुसा, घामात मीठ असतं. खोबरेल लावू नका, गोठतं आणि चिकटतं. चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात पावसाळाभर ठेवणं म्हणजे गंजाला आवतण. तेल पातळ लावा आणि तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल दस्त्यात उतरून लाकूड पोचट होतं. दस्त्याला उकळलेलं जवसाचं तेल, थेंबभर, तळहाताने चोळून. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

नंबरचं अजून भिजत घोंगडं आहे, पुन्हा ठोकायचा तर परवानगी लागते आणि ती कोण देणार यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतायत. तुमच्यापैकी कुणाकडे "काम २ नग" अशी चिठ्ठी असेल तर फाडू नका, आणि वरचा लॅकर खरवडू नका, आयोगापुढे तोच पुरावा आहे. मी अर्धी नळी खरवडून बसलोय, आता वकील ओरडतोय.