एचएप्रॉक्सीचा अर्ली डेटा: हापूसच्या हंगामाआधी तपासून पाहिला

देवगडच्या आमच्या बागेतला हापूस आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकतो. त्या साइटचा सर्व्हर मी सांभाळते. सर्व्हर मुंबईत, पण ऑर्डरी लांबून येतात: न्यू जर्सीत राहणारी मुलं ठाण्यातल्या आईवडिलांच्या पत्त्यावर पेट्या पाठवतात. तिथून मुंबईला जाऊन परत यायला 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि टीएलएस 1.3 (वेबवरची जोडणी सांकेतिक करणारी पद्धत) असलं तरी पान मागण्याआधी हँडशेकची, म्हणजे दोन्ही बाजूंनी किल्ल्या ठरवण्याची, अशी एक फेरी जातेच. आधी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाची ही फेरी अर्ली डेटामुळे, म्हणजे हँडशेक संपण्याआधीच विनंती पाठवता येत असल्यामुळे, वाचते. म्हणून मार्चमध्ये एचएप्रॉक्सीत (साइटच्या पुढे बसून येणाऱ्या विनंत्या आत पाठवणाऱ्या प्रॉक्सीत) तो चालू केला.

चालू करणं अगदी सोपं आहे. सेटिंगमधल्या बाइंडच्या ओळीत (जोडण्या कुठे घ्यायच्या ते सांगणारी ओळ) अलाऊ-0आरटीटी लिहिलं की झालं. एचएप्रॉक्सीच्या 1.8 आवृत्तीपासून ही सोय आहे आणि मुळात बंद असते, ते योग्यच आहे. वाटेत कुणी हा डेटा टिपून जसाच्या तसा पुन्हा पाठवला, तर सर्व्हर फसू शकतो.

त्यासाठी मी 'एचटीटीपी-रिक्वेस्ट वेट-फॉर-हँडशेक' ही ओळ घातली होती: गेट (नुसतं पान मागणारी विनंती) सोडून बाकी सगळ्या विनंत्या हँडशेक पुरा होईपर्यंत थांबवायच्या. तरीही चाचणी घेतली. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने (टीएलएस जोडणी करून बघायचं साधन) ऑर्डरची विनंती अर्ली डेटा म्हणून पाठवली, 'अर्ली डेटा वॉज अ‍ॅक्सेप्टेड' अशी ओळ आली. टीसीपीडम्पने (नेटवर्कवरून जाणारा डेटा टिपणारं साधन) टिपलेले तेच बाइट्स एनसीने (बाइट्स जसेच्या तसे पाठवणारं साधन) काही सेकंदांत पुन्हा सोडले. एनसीकडे किल्ली नाही, हँडशेक पुरा करणं त्याला शक्यच नाही. तरी चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाच डझनांच्या पेटीची दुसरी ऑर्डर पडली. मी चरकलेच.

दोष एचएप्रॉक्सीचा नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी 'ऑर्डर पक्की करा' ही आमची लिंक जुन्या डेव्हलपरने साधी गेट विनंती म्हणून लिहिली होती. गेटने काही बदलत नाही, हे माझ्या नियमाने गृहीत धरलं आणि ती सरळ आत सोडली. मग नियम पत्त्यावरून लावला: ऑर्डरच्या पत्त्याने सुरू होणारं सगळं थांबेल, आंब्याचे फोटो आणि दरपत्रक तेवढं लगेच जाईल.

एनजिंक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्येही 1.15.3 आवृत्तीपासून अर्ली डेटा आहे. तिथे विनंती अशी रोखून धरता येत नाही. अर्ली-डेटा हेडर (विनंतीसोबत जाणारी खूण) आपण पुढे द्यायचं आणि अ‍ॅपने 425 (म्हणजे 'फार लवकर') म्हणून परत पाठवायचं, म्हणजे ब्राउझर हँडशेक संपवून पुन्हा विचारतो. हा 425 कोड 2018 च्या आरएफसी 8470 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातला. एचएप्रॉक्सीचे कर्ते विली टारो त्याच्या लेखकांपैकी एक. अ‍ॅप नवं असेल तर ही पद्धतही चांगली, पण आमच्या पीएचपी भाषेतल्या जुन्या साइटला 425 शिकवण्यापेक्षा प्रॉक्सीतली एक ओळ मला कितीतरी भरवशाची वाटते.

गिऱ्हाईक जवळचंच असेल तर या फंदात पडू नका, वाचलेला वेळ जाणवणारही नाही. परदेशातून वर्दळ असेल तर जरूर वापरा, मात्र आधी आपल्या गेटच्या लिंका एकेक करून बघा.

नियम बदलल्यावर तेच बाइट्स टिपून पुन्हा सोडले. विनंती प्रॉक्सीपाशीच थांबली, शेवटी टाइमआउट झाला. डेटाबेसमध्ये ऑर्डर एकच.