टोरोंटो मार्लीजची मॅच बघायला जावं का? गोलीसाठी, म्हणजे गोलकीपरसाठी, तरी नक्की जा

लीफ्सची, म्हणजे टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी टीमची, मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघायची इच्छा आहे पण तिकिटाचा आकडा बघून दरवेळी मागे फिरता, अशा सगळ्या जीटीएवाल्यांसाठी, म्हणजे टोरोंटो आणि आसपास राहणाऱ्यांसाठी, हा रिव्ह्यू आहे. मार्लीजचं तिकीट काढा. मार्लीज म्हणजे मेपल लीफ्सची एएचएलमधली, म्हणजे मुख्य एनएचएल लीगच्या खालच्या लीगमधली, टीम, लीफ्सच्या बरोबर खालची पायरी, आणि मॅचेस होतात कोका-कोला कोलिसियममध्ये, एक्झिबिशन प्लेसला, म्हणजे स्कोशियाबँक अरीनापासून अगदी थोड्या अंतरावर. लीफ्सच्या तिकिटाच्या मानाने खूपच कमी पैशात चांगली जवळची सीट मिळते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, आणि त्यातले तीन तरी फक्त गोलकीपिंगसाठी.

आता हे जरा नीट सांगते, कारण बहुतेक लोक मार्लीजला "लहान मुलांना घेऊन जायची स्वस्त मॅच" एवढंच समजतात. तशी ती आहेच, पण लीफ्सच्या मागच्या सातआठ वर्षांची गोष्ट बघितलीत तर कळेल की सीझन कुठे वाचतो किंवा कुठे बुडतो ते बऱ्याचदा या बिल्डिंगमध्ये ठरतं. एनएचएलच्या मॅचला दोन गोली किट घालून तयार असतात, एक खेळतो, दुसरा बेंचवर टोपी घालून बसतो. सीझन ऐंशीहून जास्त मॅचेसचा, लागोपाठ दोन रात्री मॅच असली की साधारण एकेक जण वाटून घेतो. आणि मग कुणाचा तरी गुडघा जातो, कुणाचा घोटा जातो, की लगेच तिसरा लागतो. तो तिसरा असतो इथे, कोलिसियममध्ये.

उदाहरण द्यायचं तर २०२३-२४ घ्या. सुरुवातीला सॅमसोनोव्ह आणि जोसेफ वोल अशी जोडी होती, आणि मार्टिन जोन्सला ऑक्टोबरमध्ये वेव्हर्सवर टाकून मार्लीजला पाठवलं होतं. वेव्हर्स म्हणजे काय तर पुरेसा अनुभव असलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर आधी बाकीच्या ३१ टीम्सना २४ तास देऊन विचारावं लागतं, कुणाला हवाय का, आणि कुणी हात वर केला तर गेला तो. जोन्सला कुणी घेतलं नाही. डिसेंबरमध्ये वोलचा घोटा दुखावला, सॅमसोनोव्हचा फॉर्म इतका गेला की ३१ डिसेंबरला त्यालाच वेव्हर्सवर टाकलं, त्यालाही कुणी उचललं नाही, तो काही दिवस मॅचेसपासून लांब राहून सराव करत बसला, आणि तेवढ्या दिवसांत लीफ्सच्या नेटमध्ये कोण होतं? तोच जोन्स, आणि बॅकअपला मार्लीजमधून आणलेला डेनिस हिल्डेबी. म्हणजे सीझनच्या सुरुवातीला जो तिसरा होता तो पहिला झाला आणि चौथा दुसरा झाला. सॅमसोनोव्ह नंतर परत आला आणि इतका सुधारला की सीझन संपताना त्याचा रेकॉर्ड होता २३ विजय, ७ हार आणि ८ ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधल्या हारी. आणि प्लेऑफमध्ये बॉस्टनविरुद्ध परत तेच, वोल पाचव्या मॅचला सुरुवातीपासून नेटमध्ये आला, पाचवी आणि सहावी जिंकून दिली, सातवीच्या आधी जखमी, सॅमसोनोव्ह परत नेटमध्ये, ओव्हरटाइममध्ये २-१ हार. मला ती मॅच अजून आठवते आणि अजून वाईट वाटतं.

त्याच्या उलटं, म्हणजे हाताशी पुरेसे चांगले गोली असताना ते घालवणं, हे पण याच टीमने केलंय. २०१८ ला मार्लीजनी काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा गॅरेट स्पार्क्स आणि कॅल्व्हिन पिकार्ड अशी जोडी इथे होती, आणि वर, म्हणजे लीफ्समध्ये, फ्रेडरिक अँडरसनला बॅकअप होता कर्टिस मॅकेल्हिनी. एवढे चार गोली बहुतेक टीम्सच्या नशिबात नसतात. पण ऑक्टोबरमध्ये स्पार्क्सला वर ठेवायचं ठरलं आणि मॅकेल्हिनी, पिकार्ड दोघेही वेव्हर्सवर गेले, एकाच दिवशी एकाला कॅरोलायनाने उचललं आणि दुसऱ्याला फिलाडेल्फियाने. बदल्यात काही मिळालं नाही. स्पार्क्स वरच्या लेव्हलला टिकला नाही, अँडरसनला ६० मॅचेस खेळाव्या लागल्या, आणि मॅकेल्हिनी तिकडे कॅरोलायनाबरोबर कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत, गेला. माझ्या मते चूक स्पार्क्सला संधी देण्यात नव्हती, त्याने आदल्या वर्षी एएचएलचा सर्वोत्तम गोली म्हणून पुरस्कार मिळवला होता, संधी त्याची होतीच. चूक होती ती म्हणजे दोन अनुभवी माणसं एकदम उघड्यावर ठेवणं. त्याची किंमत पुढचं दीड वर्ष मोजली, शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये जॅक कॅम्पबेलला ट्रेड करून आणावं लागलं.

आणि त्याच महिन्यातली डेव्हिड एअर्सची गोष्ट तर हॉकी न बघणाऱ्यांनीही ऐकली असेल. २२ फेब्रुवारी २०२०, कॅरोलायना टोरोंटोत खेळायला आलेली, त्यांचे दोन्ही गोली, रायमर आणि म्राझेक, एकाच मॅचमध्ये जखमी. नियम असा की अरीनात एक इमर्जन्सी गोली बसलेला असतो, ज्या टीमला गरज पडेल तिच्याकडून त्याने खेळायचं. तो होता एअर्स, वय ४२, किडनी ट्रान्सप्लांट झालेला, बर्फाची मशीन चालवणारा, आणि मुख्य म्हणजे मार्लीजच्या सरावात नेटमध्ये उभा राहणारा. पहिले दोन शॉट आत गेले, नंतरचे आठही त्याने अडवले, कॅरोलायना ६-३ ने जिंकली. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात, मला त्यात त्या माणसाची कित्येक वर्षांची मेहनत दिसते. मार्लीजच्या खेळाडूंचे शॉट रोज अंगावर घेणारा माणूस होता तो. आता लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक टीमबरोबर फिरणारा पूर्णवेळ इमर्जन्सी गोली असणार आहे, त्यामुळे असं काही परत बघायला मिळणं कठीण.

बरं, आता प्रत्यक्ष मॅचला गेलात तर काय बघायचं आणि कुठे बसायचं ते सांगते, कारण इथेच पैसे वसूल होतात.

सीट घ्या नेटच्या मागे, खालच्या रांगांमध्ये, आणि त्या बाजूची जिथे मार्लीजचा गोली पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला असतो. दुसऱ्या पीरियडला टीम्स बाजू बदलतात, म्हणजे योग्य बाजू घेतलीत तर तो तीनपैकी दोन पीरियड तुमच्या समोर. टीव्हीवर कॅमेरा पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावतो आणि गोली फक्त शॉटच्या वेळी दिसतो. इथे तो सतत दिसतो. पीरियड सुरू व्हायच्या आधी तो क्रीजमधला, म्हणजे नेटसमोरच्या आपल्या जागेतला, गुळगुळीत बर्फ स्केटने खरवडतो, एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत, शांतपणे, पाय घसरू नये आणि पकड मिळावी म्हणून. पक लांब तिकडच्या टोकाला असताना पण तो बाहेर येतो, मागे सरकतो, स्टिकने पोस्टला टक करून आपण नेमके कुठे आहोत ते बघतो, नजर न वळवता. पक नेटच्या मागे आला की एक गुडघा टेकून पोस्टला असा चिकटतो की मध्ये फट राहत नाही. हिल्डेबी तर सहा फूट सात इंच, तो गुडघ्यावर बसला तरी खांदे वरच्या बारच्या जवळपास येतात, आणि एवढा मोठा माणूस आडवा सरकताना किती पटकन सरकतो हे काचेच्या इतक्या जवळून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. गोल खाल्ल्यावर काय करतो ते पण बघा. बाटली उचलायची, तोंडावर पाण्याची चिळकांडी, एक नजर वर, आणि परत तीच पोस्टची टकटक. ज्याला हे प्रत्येक गोलनंतर सारखंच जमतं तो वर टिकतो असं माझं निरीक्षण आहे, सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे अडवलेल्या शॉटची टक्केवारी, नंतर बघा.

वॉर्मअप चुकवू नका, मॅचच्या साधारण अर्धा तास आधी पोचा. बोगद्यातून जो गोली सगळ्यात आधी बर्फावर येतो तो आज खेळणार असं समजा. शनिवार-रविवार लागोपाठ मॅचेस असतील तर दोन दिवस दोन वेगळे गोली दिसण्याची शक्यता चांगली, आणि मी तर म्हणेन की जमलं तर तेच वीकेंड निवडा. दोन गोलींची तुलना इतक्या सहज दुसरीकडे कुठे करायला मिळत नाही. हिल्डेबी शांत, जागेवर राहून अंग मोठं करणारा. अर्तुर अख्त्यामोव त्याच्यापेक्षा बराच लहान चणीचा, म्हणून जास्त हलणारा, झेपावणारा. दोघेही ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, चौथ्या फेरीतले, अख्त्यामोव २०२० चा, हिल्डेबी २०२२ चा. वोल २०१६ चा, तिसऱ्या फेरीतला, आणि लीफ्समध्ये त्याची पक्की जागा व्हायला २०२३ उजाडलं, मधली कितीतरी वर्षं याच बर्फावर गेली. गोली असाच तयार होतो, सावकाश.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करूनच जा. तुम्ही ज्या गोलीसाठी तिकीट काढलंय तो त्या दिवशी नसेल असं होऊ शकतं, दुपारी वरून बोलावणं आलं की तो गेला. याला मार्लीजची चूक म्हणता येणार नाही, त्यांचं कामच ते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लीफ्सचा गोली अँथनी स्टोलार्झ याचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तेव्हा हिल्डेबी आणि मॅट मरी दोघेही इथूनच वर गेले. तेव्हा खाली नेटमध्ये कोण राहिलं हा विचार कुणी करत नाही, पण एएचएलचा पण ७२ मॅचेसचा सीझन असतो, कुणीतरी उभं राहायलाच लागतं, मग ईसीएचएल या आणखी खालच्या लीगमधून, तेव्हा सिनसिनाटीहून, कुणाला तरी आणलं जातं. वर एक गुडघा मुरगळला की खाली दोन शहरांत सामान बांधलं जातं.

स्टोलार्झ-वोल जोडीबद्दल माझं मत चांगलं आहे. स्टोलार्झला २०२४ मध्ये वर्षाला २५ लाख डॉलरवर घेतलं, वोलचा करार वर्षाला साधारण ३७ लाखांचा, म्हणजे तेव्हा दोघे मिळून फ्लोरिडाचा गोली बॉब्रोव्हस्की याच्या एकट्याच्या एक कोटीपेक्षा बरेच स्वस्त होते. आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच मॅचला स्टोलार्झ डोक्याला मार लागून बाहेर गेला तरी वोलने ती सिरीज सात मॅचेसपर्यंत नेली. हरले, पण गोलीमुळे हरले असं मी कधीच म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वोल वैयक्तिक कारणाने रजेवर असताना केडन प्रीमोला वेव्हर्सवरून कॅरोलायनाकडून उचललं, नोव्हेंबरमध्ये परत वेव्हर्सवर टाकल्यावर कॅरोलायनानेच त्याला परत नेलं, आणि नंतर दुखापती आल्यावर जबाबदारी आली ती घरच्या हिल्डेबीवर. २०१८ शी तुलना करा. तेव्हा दोन अनुभवी गोली गेले, या वेळी बाहेरचा गेला आणि घरचा राहिला. मला हे जास्त पटतं.

आपल्याकडच्या फील्ड हॉकीची सवय असलेल्यांना एक फरक जाणवेल. पॅरिस ऑलिंपिकला आपल्या १६ जणांत गोलकीपर एकच, श्रीजेश, आणि कृष्ण पाठक राखीव म्हणून बाहेर. एवढ्या वर्षांत पाठकला मोठ्या मॅचेस किती कमी मिळाल्या. इथे राखीव गोलीला निदान दर आठवड्याला खेळायला मिळतं, प्रेक्षकांसमोर, पगार घेऊन. त्यासाठी तरी ही व्यवस्था मला आवडते.

बाकी सोयींचं थोडक्यात. लेकशोर वेस्ट गो ट्रेन एक्झिबिशन स्टेशनला थांबते, युनियनपासून पहिलाच स्टॉप, मिसिसागाच्या पोर्ट क्रेडिटवरून थेट येता येतं. युनियनहून ५०९ स्ट्रीटकार पण आहे. एक्झिबिशन प्लेसला त्याच दिवशी दुसरं काही प्रदर्शन असेल तर गाडी घेऊन जाऊ नका. आत थंडी असते, खाली काचेजवळ तर जास्तच, लहान मुलांना कानटोपी घाला. शाकाहारी असाल तर पूटीन (चीज आणि ग्रेव्ही घातलेले फ्राइज) घेताना ग्रेव्ही कशाची आहे ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती बीफ नाहीतर चिकन स्टॉकची असते, हे कॅनडात कुठेही लागू. कोलिसियममध्ये साधारण आठेक हजार लोक मावतात, त्यामुळे वरच्या सीटवरून पण खेळ नीट दिसतो, पण गोली बघायचा असेल तर खालीच बसा. पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या लीगमधल्या टोरोंटो सेप्टर्स पण इथेच खेळतात, त्यांच्या मॅचला हाच सीटचा हिशोब चालेल.

अर्धा स्टार कापला तो एवढ्यासाठी की कोण खेळणार हे तिकीट काढताना कळत नाही आणि गोलीसाठी लांबून येणाऱ्या माणसाला तो जुगार वाटतो. त्यावर उपाय एकच, तिकीट शेवटच्या दिवशी काढा, आणि त्याआधी आदल्या रात्रीची लीफ्सची मॅच बघा. बेंचवर टोपी घालून हिल्डेबी बसलेला दिसला, तर कोलिसियममध्ये तुम्हाला बहुतेक अख्त्यामोव दिसणार.