बाटूरची लाव्हा जीप: पाचपैकी चार तारे

बालीतल्या किंतामणी भागातली, बाटूर ज्वालामुखीवरची जीप सफर बहुतेक जण सूर्योदयाच्या फोटोसाठी घेतात. मी म्हणेन, पैसे वसूल होतात ते खाली उतरल्यावर, काळ्या लाव्ह्याच्या पठारावर.

1926च्या उद्रेकात लाव्ह्याने बाटूर गाव गिळलं. देऊळ आणि वस्ती मग वर, काल्डेराच्या (ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खळग्याच्या) कडेवर हलवली. 1960च्या दशकातले लाव्ह्याचे थर आजही उघडेबोडके आहेत. वाकून बघितलं तर खडकाला बारीक छिद्रं दिसतात, वायू निसटलेल्या जागा. भेगांत नेचे आणि खुरटं गवत, मोठं झाड क्वचितच. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षं जुना. त्याची माती व्हायला किती काळ लागला असेल, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. गंमत म्हणजे जवळच तळ्याकाठी राखेच्या मातीत कांदा-टोमॅटोचे मस्त वाफे आहेत. लाव्हा जमीन अडवतो, राख तिला पोसते. मात्र तळ्यातून गंधकाचे वायू उसळले की तिथे पिंजऱ्यांत पाळलेले मासे मरतात. ही माहिती ड्रायव्हरदादांनी दिली, तीही न विचारता!

एक तारा कापला तो नाश्त्यासाठी. बुकिंगला ‘शाकाहारी’ लिहूनही हातात उकडलेली अंडी आणि गार केळं. कंपनीने साधं सॉरीही म्हटलं नाही.

धूळ भयंकर उडते, मास्क न्याच. आणि चपला नकोत, खडक काचेसारखा कापतो.