क्वासारमधली एमई-ईएमएससी सोय: ऊतींच्या स्पेक्ट्रमवर काम करणाऱ्यांसाठी

ऊतींच्या कापांचे अवरक्त स्पेक्ट्रम घेणाऱ्यांनी क्वासार हे स्पेक्ट्रमच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर जरूर वापरावं, असं माझं मत झालं आहे. ते मोफत आहे, पण मला ते आवडलं प्रकाश विखुरल्याने स्पेक्ट्रममध्ये येणाऱ्या बिघाडाच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे एमई-ईएमएससी या पद्धतीसाठी.

पेशी आणि त्यांची केंद्रकं काही मायक्रॉनची, आणि आपण वापरतो त्या प्रकाशाची तरंगलांबीही साधारण 2.5 ते 10 मायक्रॉन. त्यामुळे प्रकाश शोषला जातो तसाच विखुरतोही. विखुरलेला प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचला नाही की तोही शोषणातच धरला जातो, आणि बेसलाइन लाटेसारखी वरखाली होते. खरा घात अमाइड-1 या प्रथिनांच्या पट्ट्यापाशी होतो. शोषणाच्या पट्ट्यात अपवर्तनांकही बदलतो, म्हणून 1655 सेमी⁻¹ च्या आसपासचा पीक कमी तरंगसंख्येकडे सरकतो. 1630 कडे सरकलेला पीक बघून कुणी बीटा-शीट (प्रथिनांच्या घडीची एक रचना) वाढल्याचा निष्कर्ष काढला, तर सगळं पुढचं काम चुकीच्या पायावर उभं राहतं. कर्करोग ओळखणारं मॉडेल मग रसायनाऐवजी पेशींचा आकारच शिकतं. मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

शोषणाच्या पट्ट्यापाशी होणाऱ्या या विखुरण्याला रेझोनंट मी (Mie) विखुरणं म्हणतात. त्यावरचा उपाय मँचेस्टरच्या बासन आणि गार्डनर यांच्या गटाने कोलर यांच्यासोबत 2009-10 मध्ये मांडला. सोल्हाइम, कोलर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती दिली, तीच एमई-ईएमएससी, आणि ती क्वासारमध्ये आहे. कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर एकेका कामाचे चौकोन जोडत जायचं. पद्धत पेशींना गोलक मानते; त्या गोलकांच्या त्रिज्येची आणि अपवर्तनांकाची मर्यादा आपण ठरवायची. किती फेऱ्या लागल्या आणि किती फरक उरला, हे प्रत्येक स्पेक्ट्रमबरोबर कळतं. मी आधी तेच बघते.

आता मर्यादा. पद्धत संदर्भ-स्पेक्ट्रमपासून सुरू होते, बहुतेकदा मॅट्रिजेल या प्रथिनयुक्त जेलचा, आणि दुरुस्त झालेला स्पेक्ट्रम पुढच्या फेरीत संदर्भ बनतो. फेऱ्या कमी ठेवल्या तर सगळ्या ऊती थोड्याफार मॅट्रिजेलसारख्या दिसू लागतात. शिवाय हिशेब गोलकांचा, आणि स्ट्रोमातले (ऊतीला आधार देणाऱ्या भागातले) कोलॅजनचे तंतू गोल नसतात. तिथे निकालावर मी कमी विसंबते. मोठ्या प्रतिमेतल्या प्रत्येक पिक्सेलवर फेऱ्या चालतात, तेव्हा संगणक दणकट हवा आणि हाताशी वेळही.

नव्या विद्यार्थ्यांना मी सांगते, आधी छोटा तुकडा घ्या, दोन वेगळे संदर्भ देऊन चालवा आणि अमाइड-1 कुठे बसतो ते ताडून पाहा. दोन्हींत फार फरक असेल तर त्या भागाची आकडेवारी वर्गीकरणात घालू नका. कापातलं पॅराफिन (ऊती ज्यात बसवतात ते मेण) काढलेलं नसेल तर त्याचे पट्टे येतात त्या 1375 आणि 1465 जवळच्या भागाचं दुरुस्तीच्या हिशेबातलं वजन आधीच कमी करा.