नदीकाठचं टेबल की एक गल्ली आतलं?

नदी असलेल्या शहरात दोघांनी रात्री बाहेर जेवायला जायचं ठरलं की शोध बहुतेक नदीवरच येऊन थांबतो. साहजिक आहे. नदी हाकेच्या अंतरावर असताना तिच्याकडे पाठ करून कोण बसेल? मीही बरीच वर्षं याच मताचा होतो. लग्नाच्या वाढदिवसाला, नवी नोकरी लागली तेव्हा, कधी काहीच कारण नसताना, आम्ही दोघं नदीकाठी जेवलो. काचेआड बसलो, उघड्या डेकवर बसलो, गच्चीवर बसलो, एकदा बोटीतही जेवलो. अलीकडे मात्र मी जवळजवळ दर वेळी नदीपासून एखादी गल्ली आतलं छोटं रेस्टॉरंट निवडतो. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. जेवण चांगलं असावं, जागा स्वच्छ असावी, हे मी धरूनच चाललोय. ते कुठेही लागतंच.

माझं मत बदललं ते एका काचेमुळे.

त्या वाढदिवसाला खिडकीचं टेबल मिळावं म्हणून मी तीन आठवडे आधी फोन केला होता. काच जमिनीपासून छतापर्यंत आणि टेबल तिला अगदी टेकून. आम्ही पोचलो तेव्हा बाहेर पूर्ण काळोख झाला होता. बसलो, पाणी आलं, आणि बायकोनं विचारलं, "नदी कुठाय रे?" मी बोट दाखवलं. काचेत समोर माझंच बोट दिसलं. तिच्या डोक्यावरचा दिवा दिसला, ट्रे घेऊन येणारा वेटर दिसला, मागच्या टेबलावर कुणीतरी फोटो काढला त्याचा लखलखाट दिसला. नदी दिसली नाही. मग तिनं दोन्ही तळव्यांचा आडोसा करून कपाळ काचेला लावलं आणि बाहेर डोकावली. "आहे, आहे," म्हणाली. ती मागे सरकली तेव्हा काचेवर तिच्या श्वासाचा एक धुरकट गोल राहिला होता. तो हळूहळू विरत गेला आणि त्याच्या जागी पुन्हा आमचे दोघांचे चेहरे आले.

जेवण संपेपर्यंत ती तीन-चार वेळा तशी डोकावली. नदी दिसत नाही हे एक वेळ चाललं असतं. मला खरं खटकलं ते वेगळंच. शेजारी एवढा मोठा आरसा असला की नजर तिकडे जातेच. ती काही सांगत होती आणि माझं लक्ष माझ्याच कॉलरकडे गेलं. मी बोलत असताना तिनं केस सारखे केले. मागून कोण येतंय, कोण उठतंय, सगळं काचेत दिसत होतं. दोघांचंच म्हणून घेतलेल्या टेबलावर सगळं रेस्टॉरंट येऊन बसलं होतं. घरी परतताना आम्ही बराच वेळ गप्प होतो. भांडण अजिबात नव्हतं, फक्त बोलायचं राहून गेल्यासारखं वाटत होतं.

कारण अगदी साधं आहे. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून साधारण 8 टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुहेरी काच असली तर त्याच्या जवळपास दुप्पट. दिवसाही तो फिरतच असतो, पण बाहेरचा उजेड इतका जास्त असतो की आतलं प्रतिबिंब त्यात बुडून जातं. रात्री उलट होतं. नदीचं पाणी काळं, त्यावरून डोळ्यापर्यंत जेमतेम उजेड पोचतो, आणि आत मात्र दिवे लखलखत असतात. मग काचेत नदीऐवजी खोलीच दिसणार.

मग फोटोत नदी इतकी सुंदर कशी दिसते? हे मला फार उशिरा उमगलं. ते फोटो बहुतेक सूर्य नुकताच मावळल्यावर काढलेले असतात. आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात, आणि आतला-बाहेरचा उजेड जवळपास सारखा असतो. त्या वेळी काच खरोखरच नाहीशी झाल्यासारखी वाटते. पण ती वेळ टिकते किती? विषुववृत्ताजवळच्या शहरांत सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत ती सरते. युरोपातल्या पॅरिस-प्रागसारख्या शहरांत जूनमध्ये ती पाऊण तासाच्या आसपास जाते. म्हणजे तुम्ही मेन्यू वाचून ऑर्डर देईपर्यंत फोटोतलं दृश्य संपलेलंही असू शकतं. काचेआडचं टेबल घ्यायचंच असेल तर सूर्यास्ताआधी किमान अर्धा तास तिथे पोचा. माझ्या मते त्या टेबलाचे पैसे त्या तासाभरातच वसूल होतात.

काही ठिकाणी हे जाणून आतले दिवे अगदी मंद ठेवतात, टेबलावर छोटी मेणबत्ती आणि तिलाही वरून आडोसा. अशा एका जागी आम्ही रात्री नऊ वाजता पलीकडच्या काठावरचे दिवे नीट पाहिले आहेत. पण अशी जागा फोटोवरून ओळखता येत नाही, आधी कुणीतरी जाऊन आलेलं असावं लागतं.

काच नको तर उघडा डेक, हा पुढचा विचार मीही केला. डेकवर नदी खरंच मिळते. पाण्याचा वास येतो, काठावर लाटा आपटल्याचा बारीक आवाज येतो, अंगावर गार झुळूक येते. इथे मी नदीला पूर्ण गुण देतो. अडचणी आहेत, पण सोसण्यासारख्या. एक म्हणजे कठडा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या थोडे खाली असतात आणि कठडा बहुतेक साडेतीन फुटांचा. अगदी कडेला बसलात तर त्याची दांडी दृश्याच्या तळाशी येते. दुसऱ्या रांगेत बसलात तर जवळचं पाणी सगळं कठड्याआड जातं आणि फक्त पलीकडचा काठ उरतो. नदीला पाणी कमी असेल त्या दिवसांत तर काहीच उरत नाही. त्यामुळे डेकवर पहिली रांग मिळणार नसेल तर मी आग्रह धरत नाही.

दुसरी अडचण चिलटांची. नदीतल्या कित्येक कीटकांच्या अळ्या पाण्यातच वाढतात आणि पंख फुटले की संध्याकाळी दिव्यांकडे झेपावतात. पांढऱ्या-निळसर दिव्याखाली त्यांची गर्दी जास्त, पिवळसर दिव्याखाली कमी. टेबल निवडताना आम्ही आता वर बघून घेतो.

तिसरी आवाजाची, आणि ती डेकपुरती नाही. शांतपणे बोलणारी दोन माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसली तर त्यांचा आवाज साधारण 60 डेसिबल असतो. भोवती गलका वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 साली ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. शेजारचं टेबल मोठ्यानं बोलतं म्हणून आपण, आपण मोठ्यानं बोलतो म्हणून त्या पलीकडचं टेबल, असं करत सगळी जागाच ओरडायला लागते. उघड्यावर आवाज पांगतो हे खरं. पण संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली की आवाज वर जायच्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर जातो. समोरच्या काठावर लाउडस्पीकर लागला असेल तर तो तुमच्या टेबलावर येऊन बोलतो. मनातलं एखादं वाक्य हळू आवाजात सांगावं आणि समोरून "काय म्हणालास?" यावं, मग तेच जरा मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागावं, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय. दुसऱ्यांदा म्हणताना त्या वाक्यात काही उरत नाही.

बोटीबद्दल थोडक्यात. एकदा जाऊन यायला हरकत नाही. पण बोट धक्क्याला लागेपर्यंत उठता येत नाही, बहुतेक ठिकाणी काय खायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि इंजिनाची थरथर ताटापर्यंत पोचते. पूल डोक्यावरून सरकतो तो क्षण मात्र अजून आठवतो.

गच्चीवरची जागा मला काठावरच्या जागेपेक्षा बरी वाटते. उंचावरून नदीचं वळण दिसतं, पूल सलग दिसतो. पाण्यावर बारीक लाटा असतील तर पलीकडच्या प्रत्येक दिव्याची एक लांब उजळ रेघ पाण्यावरून थेट तुमच्या दिशेनं येते. लाटांच्या उतारांवरून प्रकाश परत येतो म्हणून प्रतिबिंब असं लांबतं. जागा बदला, रेघाही तुमच्याबरोबर वळतात. बायकोला हे दाखवलं तेव्हा ती टेबलावरून उठून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि हसत परत आली. वारा फार नसलेल्या रात्री गच्ची जरूर विचारात घ्या. पलीकडचा काठ अंधारा असेल तर मात्र नदीच्या जागी नुसता काळा पट्टा दिसतो, हे लक्षात असू द्या.

आता आतलं रेस्टॉरंट. मी ज्या प्रकाराबद्दल बोलतोय तो म्हणजे काठाच्या रस्त्याला समांतर जाणाऱ्या दुसऱ्या गल्लीतली, दहा-बारा टेबलांची जागा. बाहेरून फारसं काही दिसत नाही. पहिल्यांदा गेलो ते नाइलाजानं, काठावर सगळीकडे टेबलासाठी थांबायला लागत होतं म्हणून. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. दोन बाजूंना भिंती, खाली जाडसर सतरंजी, खिडकीला कापडी पडदा. बसल्यावर पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी घरच्याच आवाजात बोलतोय. कापड, लाकूड, पुस्तकांची फळी असल्या गोष्टी आवाज शोषून घेतात. गुळगुळीत फरशी आणि उघड्या काचा तो परत फेकतात. ते तोपर्यंत मला नुसतं माहीत होतं, त्या रात्री जाणवलं.

आणखी एक फरक पडला. नदीकाठी दोघांचं टेबल असं मांडतात की एकाला नदी दिसते आणि दुसऱ्याच्या वाट्याला स्वयंपाकघराचं दार येतं. नदीकडे तोंड असलेला माणूस समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहतो, आणि समोरच्याला ते कळतं. आतल्या कोपऱ्यात आम्ही समोरासमोर न बसता काटकोनात बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल असे. बघायला दुसरं काही नव्हतंच. तिनं तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

दोष आहेत, नाही कसे? छोट्या जागेत टेबलं कधीकधी इतकी जवळ असतात की शेजारच्यांचं बोलणं आपल्याला आणि आपलं त्यांना ऐकू जातं. मधलं टेबल देत असतील तर मी सरळ नको म्हणतो. हवा कोंडते, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा धूर येतो. आणि हो, दृश्य नाही. काही जणांसाठी तेवढं एकच कारण पुरेसं असेल, आणि मला ते कळतं. विशेषतः जोडीदार त्या शहरात पहिल्यांदा आला असेल तर त्याला नदीपासून लांब बसवणं मलाही जमणार नाही. तसंच ओळख नवी असेल, अजून बोलायचे विषय सापडायचे असतील, तर डेकच बरा. मध्ये शांतता पसरली तर पाण्याकडे बघता येतं आणि ती अवघड वाटत नाही. गल्लीतल्या कोपऱ्यात ती सोय नाही.

पण जी दोघं एकमेकांना ओळखतात आणि ज्यांना बरेच दिवसांत निवांत बोलायला मिळालेलं नाही, त्यांना मी आतलीच जागा सुचवेन. नदी सोडावी लागत नाही, हा त्यातला सगळ्यात चांगला भाग. जेवण झालं की आम्ही काठावर चालत जातो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मंद उजेडात तास-दीड तास बसून, कमी दिव्यांच्या गल्लीतून चालत गेलं की डोळ्यांची अर्धी तयारी झालेली असते. झगझगीत टेबलावरून जी नदी दिसत नव्हती ती कठड्याला रेलून उभं राहिल्यावर दिसते. प्रवाह कुठे वेगानं जातोय, कुठे भोवरा फिरतोय, खांबाला पाणी कसं फुटतंय, सगळं. तिथे घाईही नसते, कुणी बिल घेऊन येत नाही.

वेळ निवडताना आम्ही आता हा क्रम उलटाही करतो. सूर्यास्ताला आधी काठावर जाऊन उभं राहायचं, आकाश निळं-काळं होईपर्यंत थांबायचं, मग आत जेवायला. पाऊस नसेल तर दोन्ही वेळा जायलाही काही हरकत नाही.

बुकिंगसाठी फोन कराल तेव्हा नदी दिसते का हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. काठावरच्या जागेला विचारा की अंधार पडल्यावर खिडकीजवळचे दिवे मंद करता का. आतल्या जागेला विचारा की कोपऱ्यातलं टेबल मोकळं आहे का, आणि त्याच्या वर स्पीकर आहे का. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मी हे विचारलं तेव्हा फोनवरची मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थांबा हं, बघून सांगते." तिच्या चालण्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग म्हणाली, "आहे, पण तुम्ही याल तेव्हा तो बंद ठेवू." ते टेबल आम्ही घेतलं.