लेझेत्सिर्कल: भाड्याची जर्मन मासिकं, सात-आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. भाड्याच्या मासिकांचा एक फोल्डर परत मिळालेला नाही, सबब आतल्या सगळ्या अंकांची भरपाई करावी, सोबत रक्कम आणि मुदत. फोल्डर मी नेहमीच्या वारी, नेहमीच्या जागी, जिन्याखालच्या कपाटावर ठेवला होता आणि दुपारी तो तिथे नव्हता, म्हणजे त्यांचाच माणूस घेऊन गेला होता. त्या दिवशी लिहायला बसले असते तर एकच तारा दिला असता. आता प्रकरण मिटलंय, वर्गणीही चालू ठेवलीय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. लेझेत्सिर्कल, म्हणजे मासिकं भाड्याने फिरवण्याची योजना, चालवणाऱ्या कंपन्या गावोगावी आहेत आणि पद्धत सगळीकडे साधारण सारखीच आहे.

जर्मनीत दाताच्या डॉक्टरकडे किंवा केस कापायला गेलेल्या प्रत्येकाने ही मासिकं हाताळलेली आहेत. पुठ्ठ्याचं वेष्टन, त्यावर कुठल्यातरी जाहिरातीचा चिकटवलेला कागद, आत श्टेर्न, बुंटं, गाला, श्पीगल. हीच मासिकं घरीही भाड्याने मिळतात, हे मात्र आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं. दर आठवड्याला माणूस नवा फोल्डर ठेवतो, जुना नेतो. अगदी ताजा फोल्डर सगळ्यात महाग. तोच फिरून आलेला, काही आठवडे जुना झालेला घेतला की भाडं उतरत जातं. मी सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात जुना घेतला. तीन-चार मासिकं दुकानातून सुटी विकत घेतली असती तर या पैशांत एक आठवडाही निघाला नसता.

घ्यायचं कारण बी-वन, म्हणजे जर्मन भाषेच्या मधल्या पातळीची परीक्षा. वाचन बरं होतं, ऐकणं ठीक होतं, बोलणं अडत होतं. त्यातही छंदांवर बोलायची वेळ आली की सगळ्यांचं ठरलेलं वाक्य, 'इश लेझं गेर्न त्साइटश्रिफ्टन', मला मासिकं वाचायला आवडतात. पुढे? समोरचा विचारतो, कोणती? शेवटचं काय वाचलंत? त्यात काय आवडलं? तिथे गाडी थांबायची, कारण खरं तर कुठलंच मासिक नियमित वाचत नव्हते. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेत बोलण्याच्या दुसऱ्या भागात एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं असतं आणि नंतर परीक्षक आणि जोडीदार प्रश्न विचारतात. पाठ केलेलं वाक्य तिथे पहिल्याच प्रश्नाला संपतं.

पहिले काही आठवडे मी नाराज होते. बातम्या शिळ्या, नट्यांची लग्नं मोडूनही झालेली, श्पीगलमधला राजकारणाचा लेख तर निकाल लागून गेल्यावर हातात यायचा. ताज्या फोल्डरवर जावं का, असा विचार दोनदा मनात आला. मग लक्षात आलं की शिळेपणा हाच माझ्यासाठी या योजनेचा सगळ्यात मोठा गुण आहे. काय घडलं ते मला आधीच माहीत असायचं. सामना कोण जिंकलं, सरकार कोणाचं आलं, हे शोधण्यात शक्ती जायची नाही. सगळं लक्ष ते कसं सांगितलंय याकडे राहायचं. नव्या भाषेत ताजी बातमी वाचताना शब्दही अडतात आणि अर्थही लागत नाही. जुन्या बातमीत निम्मं काम आधीच झालेलं असतं. त्यामुळे नाराजीचं पहिलं मत मी पूर्ण मागे घेते. शिकणाऱ्याने जुनाच फोल्डर घ्यावा.

आता बोलण्याचं. आमच्या शेजारच्या आजी इथल्या, न्यूर्नबर्गच्याच, शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. फोल्डर आला की दोन दिवस मी वाचते, मग तो त्यांच्याकडे जातो, आणि परत देताना दारातच गप्पा होतात. त्या माझं वाक्य पुरं होऊ देतात, मग दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावतात. मासिकांच्या नावांनाही लिंग असतं, हे मी त्यांच्याकडून पक्कं केलं: पुल्लिंगी म्हणून 'इम श्पीगल' (श्पीगलमध्ये), 'इम श्टेर्न', पण स्त्रीलिंगी म्हणून 'इन देअर ब्रिगिटं'. बुंटं तर विशेषणासारखं चालतं, म्हणून 'इन देअर बुंटन'. हे एकदा जिभेवर बसलं की 'इम श्टेर्न श्टेट, दास...', श्टेर्नमध्ये लिहिलंय की..., असं म्हणून कुठल्याही विषयात शिरता येतं. 'दास'नंतर क्रियापद शेवटी टाकायचं हे वर्गात शंभरदा ऐकलेलं असतं, पण ती सवय लागली ती दारात उभं राहून, समोर वाट बघणारं माणूस असताना.

आणि आजी मासिकांबद्दल बोलतात तेव्हा त्यांचं आयुष्यच बोलतात. श्टेर्नचा विषय निघाला की 1983 येतंच. त्या वर्षी श्टेर्नने हिटलरच्या डायऱ्या सापडल्याचं जाहीर करून छापायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत सरकारी अभिलेखागाराने त्या बनावट ठरवल्या. आजी सांगतात, त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. श्पीगल उचलला की 1962. संरक्षण दलावरच्या एका लेखावरून संपादक रुडोल्फ आउगश्टाइन यांना तुरुंगात टाकलं, लोक रस्त्यावर आले आणि शेवटी संरक्षणमंत्री श्ट्राउस यांना पद सोडावं लागलं. त्या तेव्हा लहान होत्या, पण वडील जेवणाच्या टेबलावर किती चिडून बोलत होते ते त्यांना आठवतं. हे ऐकल्यापासून श्पीगलचा लाल चौकटीचा अंक मी निराळ्या नजरेने हातात घेते.

एवढं सगळं चांगलं असूनही एक गोष्ट मला अजून सहन होत नाही: शब्दकोडी. जुन्या फोल्डरमधली कोडी कोणीतरी आधीच सोडवलेली असतात. पेनने. पेन्सिलनेही नाही, की खोडता येईल. जर्मन मासिकांत बहुतेक ज्याला श्वेडनरेट्सल म्हणतात ते कोडं असतं. त्यात सूचना बाजूला न देता चौकटीतच बारीक अक्षरात छापतात आणि बाण दाखवतात. 'डान्यूबची उपनदी', तीन घरं, उत्तर इन. सूचना दोन-तीन शब्दांची, उत्तर एका शब्दाचं, शिवाय ठिपकेवाली अक्षरं ए-ई, ओ-ई अशी फोडून लिहायची, म्हणजे स्पेलिंगही पक्कं होतं. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला स्वाध्याय नाही, आणि नेमका तोच वापरून झालेला मिळतो. कंपनीला मी याबद्दल अनेकदा लिहिलं, फोटोही पाठवले. वाचकांना कोड्यात न लिहिण्याची विनंती आम्ही करतो, असं साच्यातलं उत्तर यायचं. वेष्टनावर त्या विनंतीची एक ओळही छापलेली नाही. तिथे श्रवणयंत्राची जाहिरात आहे. वेष्टन तुमचं आहे, त्यावर एक ओळ छापायला काय हरकत आहे? भाडं देणारा दहावा ग्राहकही ग्राहकच असतो.

मध्यंतरी मी इतरांनी सोडवलेली कोडी वहीत उतरवायला लागले. सूचना डावीकडे, कोणीतरी लिहिलेलं उत्तर उजवीकडे. शब्द वाढले, हे मान्य करते. पण स्वतः सोडवण्याचं सुख त्यात नाही, त्यामुळे तक्रार कायम आहे.

याच फोटोंमुळे भरपाईचं प्रकरण सुटलं. प्रत्येक फोल्डरवर क्रमांकाची चिठ्ठी असते. हरवला म्हणून ज्याचे पैसे मागत होते, त्याच फोल्डरमधल्या भरलेल्या कोड्याचा फोटो मी तक्रारीसाठी पाठवला होता आणि त्यात चिठ्ठीही आली होती. आमच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तोही याच कंपनीकडून मासिकं घेतो. मी फोन केला आणि क्रमांक सांगून विचारलं, हा फोल्डर दवाखान्याच्या नावावर जमा झालाय का ते बघा. पलीकडच्या बाई आधी ऐकायलाच तयार नव्हत्या, पत्रातलंच वाचून दाखवत होत्या. मी आत कोणते अंक होते, कुठल्या अंकाच्या मुखपृष्ठावर काय होतं, कोणतं पान फाटलेलं होतं, एकेक सांगत गेले. बऱ्याच वेळाने त्यांनी तपासलं. फोल्डर दवाखान्याच्या गठ्ठ्यात गेला होता. मागणी रद्द झाल्याची मेल आली, दिलगिरीचा शब्द मात्र नव्हता. तो यायला हवा होता. पण मासिकांबद्दल इतका वेळ, न अडखळता, फोनवर, अनोळखी माणसाशी मी जर्मनमध्ये त्याआधी कधी बोलले नव्हते.

परीक्षेच्या सरावात आमच्या शिक्षिकेने 'कागदी मासिक की मोबाइल' हा विषय दिला. त्यात एक भाग आपल्या देशातली परिस्थिती सांगायचा असतो. बाकीचे 'आमच्याकडे हल्ली कोणी वाचत नाही' म्हणून मोकळे होत होते. मी दिवाळी अंक सांगितले. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तिथपासून दर दिवाळीला मराठीत कथा, कविता, लेखांनी भरलेले जाडजूड अंक निघतात, हे ऐकून वर्ग थक्क झाला. नाशिकला 1840 सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि आमच्या घरी अंक विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून आणून वाचायची पद्धत होती, हेही सांगितलं. एका सीरियन सहाध्यायीने विचारलं, एवढे अंक एका महिन्यात कोण वाचून संपवतं? मी म्हटलं, महिन्यात नाही, उन्हाळ्यापर्यंत पुरतात. प्रश्नोत्तरं शिक्षिकेने थांबवेपर्यंत चालली.

पैशांचा विचार करणाऱ्यांनी आधी फुकटचं पाहावं. औषधांच्या दुकानात 'आपोटेकन उमशाउ' महिन्यातून दोनदा मोफत मिळतं. खर्च दुकानदार करतो, तुम्ही फक्त उचलायचं. आजारांबद्दलचे लेख साध्या भाषेत असतात, कोडंही असतं आणि ते कोरं असतं. मी आता दर पंधरवड्याला तेच आणून सोडवते. पुण्या-मुंबईत बसून शिकणाऱ्यांना लेझेत्सिर्कल मिळणार नाही. त्यांनी गोएथे-इन्स्टिट्यूटच्या 'ओनलाइए' या ऑनलाइन वाचनालयात नाव नोंदवावं, तिथे जर्मन नियतकालिकं आहेत. शिकणाऱ्यांसाठीच काढलेलं 'डॉइच पेर्फेक्ट' चांगलं आहे, लेखांवर सोपा, मध्यम, अवघड अशी पातळी दिलेली असते. पण ते वाचून शेजारच्या आजींशी बोलता येत नाही, कारण त्या ते वाचत नाहीत. श्टेर्न वाचतात. त्यासाठी मी भाडं भरते.

ए-वनला, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला असाल तर हे घेऊ नका, पानं उलटण्यापलीकडे काही होणार नाही. ए-टू संपवून बी-वनकडे निघाला असाल आणि इमारतीत एक तरी गप्पा मारणारं माणूस असेल तर घ्या, सगळ्यात जुना फोल्डर घ्या, आणि परत ठेवताना क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो काढा. पाचपैकी चार तारे. पुढच्या महिन्यापासून गाला बंद करून त्या जागी न्यूर्नबर्गमधूनच निघणारं फुटबॉलचं 'किकर' सांगितलंय. ते आजींच्या नातवाला हवंय, आणि तो त्यांच्यापेक्षा फार भरभर बोलतो.