ज्या घरात पहारेकरी नाही: ऑक्सफर्ड हाउसचा आमचा अनुभव

आम्ही मूळचे सांगलीचे, मेरीलँडमध्ये येऊन बावीस वर्षं झाली. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून त्याच्या व्यसनाची सुरुवात झाली. पुढचं ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घडलं नाही त्यांना सांगून कळत नाही. अठ्ठावीस दिवसांचं रिहॅब, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार, दोनदा झालं. दोन्ही वेळा तो बरा होऊन घरी आला आणि दोन्ही वेळा घरीच पुन्हा घसरला. तीच खोली, तेच मित्र, आणि दाराला कान लावून उभी असलेली मी.

तिसऱ्या वेळी समुपदेशक बाईंनी स्पष्ट सांगितलं, घरी नेऊ नका, सोबर लिव्हिंगमध्ये ठेवा, म्हणजे व्यसन सोडलेले लोक नशेशिवाय एकत्र राहतात अशा घरात. घाईघाईत जे पहिलं घर घेतलं त्याचं नाव मी लिहीत नाही. फोटो सुंदर होते, महिन्याला दीड हजार डॉलर. लघवीची तपासणी आठवड्यातून तीनदा, आणि प्रत्येक तपासणीचं बिल विम्याला. आत कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भाडं वेळेवर येतंय म्हटल्यावर कोणी बोलत नव्हतं. पाच आठवड्यांत आम्ही त्याला तिथून काढलं. घर शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा: इथे कोणी प्यायला तर नुकसान कोणाचं होतं?

मग ऑक्सफर्ड हाउसबद्दल ऐकलं, म्हणजे राहणाऱ्यांनीच चालवलेल्या सोबर लिव्हिंग घरांबद्दल, तेव्हा माझा विरोध होता. तिथे मॅनेजर नाही, वॉर्डन नाही, रात्री कुलूप लावणारं कोणी नाही. सगळी व्यसनातून बाहेर पडणारीच माणसं. मी नवऱ्याला म्हटलं, अहो, ह्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?

मग वाचत बसले. पहिलं घर आमच्याच काउंटीत, सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, 1975 साली सुरू झालं. काउंटीचं एक हाफवे हाउस, म्हणजे उपचारानंतर काही काळ राहायचं घर, बंद होणार होतं. तिथे राहणाऱ्यांनी, त्यांत ऑक्सफर्ड हाउसचे संस्थापक म्हणून ओळखले जाणारे पॉल मोलॉय होते, ते घर स्वतः भाड्याने घेतलं आणि स्वतःच चालवलं. नियम तेव्हापासून तेच आहेत: कारभार सगळ्यांच्या मताने, खर्च सगळ्यांनी मिळून, आणि जो पुन्हा नशा करेल त्याने लगेच बाहेर पडायचं. आज अमेरिकेत अशी 3,000 हून जास्त घरं आहेत. 1988 च्या कायद्याने असं नवीन घर सुरू करायला 4,000 डॉलरपर्यंत कर्ज मिळायची सोय झाली, आणि ते फेडायचं राहणाऱ्यांनीच, दोन वर्षांत. शेजाऱ्यांचा, नगरपालिकांचा विरोध तर पाचवीला पुजलेला. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स गावाशी झालेला वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि 1995 मध्ये निकाल ऑक्सफर्ड हाउसच्या बाजूने लागला. डीपॉल विद्यापीठाचा अभ्यास नवऱ्याने शोधला, कारण आकडा बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. उपचारानंतर 150 जणांचे दोन गट केले होते. दोन वर्षांनी ऑक्सफर्ड हाउसला पाठवलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के नशा करत होते, नेहमीच्या पद्धतीने सोडलेल्यांपैकी सुमारे 65.

अर्ज मुलानेच करायचा, मुलाखतही त्यानेच द्यायची. मी गाडीत बसून होते. घरात आठ जण होते आणि प्रवेशाला 80 टक्के मतं लागतात, म्हणजे आठातली सात. पाऊण तासाने तो बाहेर आला. सात हात वर गेले होते. ज्याने वर केला नाही त्याने कारण तोंडावर सांगितलं होतं: तू आईसाठी आलायस, स्वतःसाठी आला नाहीस. मला राग आला. मुलगा मात्र म्हणाला, "आई, बरोबर बोलला तो."

त्याचा वाटा आठवड्याला 165 डॉलर. खोली दोघांत, जेवण ज्याचं त्याने करायचं. पहिल्या महिन्यातच वेअरहाउसमध्ये नोकरी धरली, कारण घरून पैसे आणणाऱ्याकडे बाकीचे फार प्रेमाने बघत नाहीत. रविवारी संध्याकाळी घराची बैठक. कोणाचे पैसे थकले, कोणी संडास धुतला नाही, कोण व्यसनमुक्तीच्या मीटिंगला गेला नाही, सगळं तिथे निघतं.

चार महिन्यांनी त्याला कम्प्ट्रोलर निवडलं, म्हणजे प्रत्येकाकडून वाटा गोळा करून वही लिहिणारा. ह्याच मुलाने माझ्या आईच्या पाटल्या विकल्या होत्या. ती वही त्याने मला दाखवली. डावीकडे नावं, मग आलेली रक्कम, मग बाकी. अक्षर बारीक, सरळ, इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत गिरवायचा तसंच. एका ठिकाणी चार डॉलरचा घोळ होता. त्याभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं होतं, "रविवारी विचारणे", मराठीत. मी वही मिटून परत दिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी मी त्याच्यापासून पाकीट लपवत होते. इथे आठ जणांनी त्याच्या हातात पैसे दिले आणि हिशेब मागितला. दोन्ही एकदम. मला ते कधी जमलं नसतं.

एक गोष्ट अजून जड जाते. जानेवारीत एक मुलगा प्यायला. रात्री नऊला बैठक झाली, साडेनऊला त्याची बॅग दाराशी. बाहेर बर्फ. त्यांनीच फोन करून त्याला डिटॉक्समध्ये, म्हणजे अंगातली नशा उतरवायच्या केंद्रात, जागा मिळवली, दोघे जण सोडायलाही गेले. तरी आई म्हणून माझा जीव त्या बॅगेत अडकून राहिला. मुलाचं म्हणणं, तो राहिला असता तर आम्ही सगळेच गेलो असतो.

हे घर सगळ्यांसाठी नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक आत नसतो, अंगात नशा असताना इथे आणू नका, आधी डिटॉक्स करा. बायकांची घरं वेगळी असतात, काही ठिकाणी मुलांना घेऊन राहता येतं. आणि घर म्हणजे शेवटी त्यात राहणारी माणसं, म्हणून एका घरात मन लागलं नाही तर दुसऱ्या घरात मुलाखत द्या. राहायला मुदत नसते. आमचा चौदा महिने आहे. कधी निघतोस असं मंडळातल्या एकांनी विचारलं, मी उत्तर दिलं नाही.

जाताना चादरी, टॉवेल, एक कुकर द्या. फ्रीजमध्ये आणि फडताळात प्रत्येकाचा कप्पा ठरलेला असतो, वस्तूंवर नावाच्या पट्ट्या असतात. मी दिलेल्या मसाल्याच्या डब्यावरही त्याने पट्टी लावली होती. परवा गेले तेव्हा ती काढलेली होती आणि गोडा मसाला तळाला गेला होता. पुढच्या खेपेला किलोभर न्यायचाय.